पुनर्वसनोपचार : घरी, वस्तीत आणि व्यवसायात

आपल्या वस्तीत कोणी आजारी पडले की धावपळ करणाऱ्यांची कमी नसते. रुग्णाला खुर्चीत बसवून टेकडीवरून खाली उतरवणारे, रिक्षा आणणारे, रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढणारे, रक्त देणारे, वर्गणी काढणारे, सगळे पुढे येतात. परंतु रुग्ण घरी परतला की ही धावपळ थांबते. "जीव वाचला, बाकी हळूहळू होईल," असे म्हणून जो तो आपापल्या कामाला लागतो. वास्तविक त्याच दिवशी उपचाराचा दुसरा आणि लांबचा भाग सुरू व्हायचा असतो. त्या भागाला पुनर्वसनोपचार म्हणतात. त्याविषयी आपल्याकडे माहिती थोडी आहे आणि न कळण्याची किंमत मोठी आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतच वाढलो आणि गेली अनेक वर्षे याच व्यवसायात आहोत. तेव्हा जे सांगणार आहोत ते पुस्तकातले आहेच, पण बरेचसे आपल्या घराघरांतून पाहिलेलेही आहे.

एका घरातील गोष्ट

आमच्या शेजारच्या चाळीतील एका कामगाराला वयाच्या पन्नाशीत पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. बारा दिवस रुग्णालयात राहून ते घरी आले. घरच्यांनी त्यांना कॉटवर निजवले, पायाशी पंखा लावला, हाताला काही लागू नये म्हणून हात उशीवर ठेवून दिला. रोज सकाळी मुलगा तेलाने चोळायचा. सेवेत काहीही कमी नव्हते. पत्नी स्वतःच्या हाताने घास भरवी, अंग पुसून देई, त्यांना कूससुद्धा स्वतः बदलू देत नसे.

पाचव्या महिन्यात त्यांनी आम्हाला बोलावले, तेव्हा घोटा खाली ताणून आखडला होता, टाच जमिनीला टेकत नव्हती. बोटे तळव्यात मिटलेली. खांदा सांध्यातून खाली ओघळला होता आणि हात उचलला की ते कळवळत. पुढे सहा महिने मेहनत केल्यावर ते काठीने चालू लागले, शौचालयापर्यंत स्वतः जाऊ लागले. हात मात्र परत आला नाही.

एक दिवस त्यांच्या पत्नीने विचारले, "आम्ही काय कमी केलं?" आम्ही म्हटले, "वहिनी, कमी काही केलं नाहीत. त्यांनी करायचं तेही तुम्हीच केलंत." हे वाक्य बोलायला आम्हाला जड गेले, पण खरे तेच होते. या साऱ्या लेखाचे सारही तेच आहे. पुनर्वसनोपचार हा रुग्णावर करायचा उपचार नसून रुग्णाकडून करवून घ्यायचा उपचार आहे. आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका फळतो.

या उपचारात कोण कोण असते?

पुष्कळांना वाटते की फिजिओथेरपी म्हणजे मालिश किंवा विजेच्या यंत्राचा शेक. शेक हा फार तर प्रस्तावना आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणजे भौतिकोपचार तज्ज्ञ. तो स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल, श्वास आणि चाल यांवर मुख्यतः व्यायामाने काम करतो. हाड मोडल्यानंतर, पक्षाघातानंतर, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, फुप्फुसाच्या आजारात, बाळंतपणानंतर, खेळातील दुखापतीत, अशा सर्व ठिकाणी त्याचे काम असते.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ. या नावामुळे लोकांचा समज होतो की तो नोकरी मिळवून देतो. येथे 'व्यवसाय' या शब्दाचा अर्थ माणसाला दिवसभर गुंतवणारे प्रत्येक काम असा आहे. सदऱ्याची बटणे लावणे, भाकरी थापणे, लिहिणे, आंघोळ करणे, कामावर परतणे हे सारे त्यात येते. एका हाताने साडी कशी नेसावी, चमच्याची मूठ जाड केली तर घास कसा उचलता येईल, गतिमंद मुलाला दात घासायला कसे शिकवावे, हे त्याचे क्षेत्र.

यांच्या जोडीला कृत्रिम हातपाय व आधाराचे पट्टे बनवणारे तज्ज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक, समाजसेवक आणि या साऱ्यांचा मेळ घालणारे भौतिक वैद्यक व पुनर्वसन शाखेचे डॉक्टर असतात.

मुंबईचा मान

या व्यवसायाची पाळेमुळे आपल्या मुंबईतच आहेत. परळच्या केईएम रुग्णालयात 1950 साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. ती सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. मराठी घरात सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे 1952 मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार तज्ज्ञांची संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. त्याच दशकाच्या आरंभी केईएममध्ये भौतिकोपचाराचे शिक्षणही सुरू झाले. तो काळ पोलिओचा होता. लुळ्या पायांच्या शेकडो मुलांना उभे कोण करणार, हा प्रश्न शहरापुढे होता. 1955 साली हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. ती आजही काम करीत आहे. तेथे उपचार होतात, कृत्रिम अवयव बनतात आणि शिक्षणही दिले जाते. ही संस्था मुंबईत असूनही आपल्यापैकी अनेकांना ती ठाऊक नसते.

घर पाहून उपचार

शिकत असताना एकदा आम्ही गुडघे दुखणाऱ्या एका बाईंना छापील कागदाप्रमाणे सांगितले, "जमिनीवर बसू नका, मांडी घालू नका, जिने टाळा." त्या हसल्या. म्हणाल्या, "दहा बाय बाराच्या खोलीत खुर्ची ठेवली तर पोरं झोपतील कुठं? आणि जिने टाळून मी डोंगरावर उडत जाऊ का?" आम्ही निरुत्तर झालो. ज्या घरात कॉट नाही तेथे "कॉटच्या कडेला बसा" हा सल्ला निरुपयोगी आहे. त्या दिवसापासून आम्ही आधी घर विचारतो. पायऱ्या किती, पाणी कुठून भरता, शौचालय किती दूर, स्वयंपाक बसून की उभ्याने, हे समजल्यावाचून व्यायाम सांगायचा नाही, असे आम्ही ठरवले.

हाच विचार जयपूर फूटच्या मागे आहे. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी केलेला. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे. म्हणून लोक तो मिळाल्यावरही बाजूला टाकून कुबडीच घेत. 1968 च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, लवणारा, उघड्या जमिनीवर चालणारा पाय तयार केला. फारसे औपचारिक शिक्षण नसलेला कारागीर आणि मोठा डॉक्टर शेजारी बसले, म्हणून हे घडले. लोक कसे बसतात, कसे चालतात हे पाहिल्याखेरीज त्यांना उभे करता येत नाही, हाच त्यातला धडा.

घरोघरी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी

येथे सर्वसाधारण माहिती देत आहोत. प्रत्येक रुग्ण निराळा असतो. तेव्हा दुखणे तपासून घ्यावे आणि मगच व्यायाम सुरू करावा.

पक्षाघात. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही मेंदूचा स्कॅन करून. "वारं गेलं असेल, सकाळी बघू" यात माणसाचे हातपाय जातात. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी. तोंडात पाणी, औषध काही घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते.

रुग्ण स्थिर झाला की रुग्णालयातच डॉक्टरांना विचारावे, "फिजिओथेरपी केव्हा सुरू करायची?" घरी आल्यावर दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे अंगाला जखमा होत नाहीत. लुळ्या हाताला धरून कधीही ओढून उठवू नये. खांदा त्यानेच निखळतो. बसवून, मान सरळ ठेवून खाऊ घालावे. त्या बाजूला स्पर्श कळत नसेल तर गरम पाण्याची पिशवी लावू नये, भाजलेले कळत नाही. चांगल्या हाताने लुळा हात धरून रुग्णाने तो स्वतः हलवावा. पुष्कळजण नुसता रबरी चेंडू दाबत बसतात. पण अशा हातात बोटे मिटणे अवघड नसते, उघडणे अवघड असते. म्हणून चेंडूवर विसंबू नये. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. त्यानंतरही ती थांबत नाही, पण वेळ गेला की वाट लांबते.

गुडघे. आपली वस्ती टेकडीवर, त्यामुळे ही तक्रार घरोघरी. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, गुडघ्याने ती खाली दाबून पाच ते दहापर्यंत आकडे मोजावे आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून दोनतीनदा. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ आले की गुडघ्यावरचा भार तो वाटून घेतो. पायऱ्यांचा नियम सोपा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. शरीराचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, हे ध्यानात ठेवावे. दुखते म्हणून चालणे सोडून दिल्यास स्नायू वाळतात आणि दुखणे वाढते.

कंबर. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, शिवाय भांड्याचे वजन. एका कमरेवर मोठा हंडा घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान भांडी सारखी भरून न्यावीत. उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकावे, भांडे अंगालगत घ्यावे, आणि वजन हातात असताना कमरेत पीळ देऊ नये. घरातील सारे पाणी एकट्या बाईनेच भरावे असा कुठलाही नियम नाही. मुलगे आणि पुरुषमंडळी यांनी हात लावला तर निम्मी कंबरदुखी औषधावाचून जाईल. साध्या कंबरदुखीत एकदोन दिवसांपेक्षा अधिक अंथरुणात पडून राहू नये. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होत जाणे, ताप असणे किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मान आणि खांदा. केस कापून झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय पुष्कळांना आहे. ती सोडावी. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यात इजा होऊ शकते. मधुमेह असणाऱ्यांचा खांदा आखडण्याचा संभव अधिक असतो. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढत जावे आणि रोज कुठवर पोचलो तेथे पेन्सिलीने खूण करावी. ती खूण वर सरकताना पाहिली की हुरूप येतो.

मुरगळणे. पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस चोळू नये आणि शेकूही नये. कापडात बर्फ गुंडाळून एका वेळी पंधरावीस मिनिटे ठेवावा. पाय टेकवतच नसेल तर एक्स-रे काढावा.

वृद्ध माणसे. म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड सारे घर खिळवून ठेवते. मोरी ओली ठेवू नये, रात्री उठायच्या वाटेवर दिवा असावा, मोरीजवळ आणि दारातल्या पायरीजवळ धरायला मजबूत लोखंडी कडी बसवावी. खर्च थोडा, बचाव मोठा.

लहान मुले. चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत बसत नाही किंवा दीड वर्षात चालत नाही असे मूल लगेच दाखवावे. "त्याचा बापही उशिरा चालला होता" असे म्हणून थांबू नये. लहान मेंदू लवकर शिकतो, म्हणून उपचारही लवकर हवा.

निरोगी माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की प्रौढांनी आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. भरभर चालणे हा त्यातला बिनखर्चाचा प्रकार. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास चालले की हिशेब पुरा होतो.

सवलतींविषयी

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच होते. दिव्यांगत्व किमान 40 टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के आणि उच्च शिक्षणात 5 टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. यासाठी स्वावलंबन कार्ड काढावे. आमचा अनुभव असा की लोकांना हे प्रमाणपत्र घेणे कमीपणाचे वाटते. त्यात कमीपणा काही नाही. तो कायद्याने दिलेला हक्क आहे.

मुलामुलींनी या व्यवसायात यावे

बारावीला चांगले गुण मिळाले की डॉक्टर किंवा इंजिनिअर, नाहीतर काहीच नाही, अशी आपली समजूत आहे. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या पदव्यांसाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. प्रवेश 'नीट' परीक्षेतून होतो. मुंबईत महापालिकेच्या केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलचे नायर या तिन्ही रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत हे शिक्षण मिळते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही सोय आहे. आपल्या भांडुपहून धीम्या लोकलने शीव किंवा परळ सरळ गाठता येते. वसतिगृहाचीही गरज नाही. खासगी महाविद्यालये अनेक आहेत, पण तेथे शुल्क बरेच अधिक असते. राज्यात हा अभ्यासक्रम सहा महिन्यांची आंतरवासिता धरून साडेचार वर्षांचा चालत आला. 2021 च्या राष्ट्रीय कायद्यानंतर देशभर एकसारखा अभ्यासक्रम आणण्याचे काम सुरू झाले असून त्यात वर्षभराची आंतरवासिता धरून पाच वर्षे आहेत. प्रवेश घेताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी.

पैशाअभावी मागे राहू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप योजनेची चौकशी करावी. मात्र जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच मागायला घ्यावे. कागद वेळेवर हाती नसल्याने हातची जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरंभीचा पगार थोडा असतो. सरकारी जागा कमी आहेत. दिवसभर उभे राहावे लागते, रुग्णाला उचलावे लागते, स्वतःची कंबर सांभाळावी लागते. फळ हळू दिसते. आज शिकवले ते रुग्ण उद्या विसरतो, परवा रागावतो, आठवडाभर येतच नाही. ज्याला धीर नाही त्याने इकडे येऊ नये. परंतु ज्याला माणसांत राहायला आवडते, त्याला रुग्णालय, विशेष शाळा, वृद्धाश्रम, कारखाने, खेळाची मैदाने, स्वतःचे केंद्र आणि घरभेटी असे काम आयुष्यभर पुरेल. पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि अध्यापनही आहे.

आणखी एक सूचना. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने या दोन्ही व्यवसायांसाठी राज्य परिषद निर्माण झाली आहे. तीन महिन्यांचा वर्ग करून पाटी लावणारेही गल्लोगल्ली आढळतात. उपचार घेण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा. खऱ्या तज्ज्ञाला तो सांगण्यात संकोच वाटत नाही.

शेवटी

आमच्या त्या शेजाऱ्यांचा मुलगा आता घरात कोणी आजारी पडले की पहिल्याच आठवड्यात विचारायला येतो. एका घराने मोजलेली किंमत दुसऱ्या घराला मोजावी लागू नये. वस्तीतील प्रत्येक गल्लीत एका तरी माणसाला एवढे ठाऊक असावे की रुग्णाला घरी आणल्यावर त्याला कसे बसवायचे, कसे उठवायचे आणि कुठे न्यायचे. महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने वर्षातून एक रविवार यासाठी दिला तर आम्ही शिकवायला आनंदाने येऊ. आणि पुढील काही वर्षांत याच टेकडीवरची पाचदहा मुले-मुली हा व्यवसाय शिकून आली तर फार बरे होईल. दहा बाय बाराच्या खोलीत रुग्णाला कुठे उभे करायचे, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागणार नाही.